धार लावण्याचा दुहेरी दगड कसा निवडावा?



खत, बियाणे, फवारणी यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज एका लहानशा वस्तूविषयी बोलायचे आहे. ही वस्तू आपल्या बहुतेकांच्या घरी असते, बहुधा न्हाणीजवळ किंवा गोठ्याच्या कोनाड्यात पडलेली असते, आणि ती विकत घेताना आपण दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो, "केवढ्याला?" ती वस्तू म्हणजे धार लावायचा दगड. एका बाजूने खरखरीत, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत, असा दोन थरांचा दगड हल्ली कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याच्या दोन बाजूंना कोणते नंबर असावेत, कोणत्या अवजाराला कोणती जोडी चालते, हे आजच्या भाषणात पाहू.

हा विषय आपल्या तळेगाव, आष्टी, कारंजा भागाला विशेष लागू आहे. कारण आपल्या एकाच घरात दोन अगदी वेगळ्या जातीची हत्यारे असतात. एकीकडे सोयाबीन, गहू कापायचा विळा, तूर तोडायचा कोयता, जळतणाची कुऱ्हाड. दुसरीकडे संत्र्याच्या बागेतली सल काढायची सिकेटर आणि डोळे भरायचा कलमाचा चाकू. आपण या सगळ्यांना एकाच दगडावर घासतो. विळ्याचे त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते संत्र्याचे, आणि ते लगेच दिसतही नाही.

आधी नंबर म्हणजे काय ते समजून घेऊ. सुताराच्या पॉलिश पेपरमागे ८०, १२०, २२० असे आकडे आपण पाहिलेले आहेत. दगडाचा नंबर त्याच जातीचा. पूर्वी दगडाची कणी चाळणीतून गाळत. एका इंचात चाळणीला जितकी भोके, तितका त्या कणीचा नंबर. भोके जास्त म्हणजे चाळणी बारीक, म्हणजे कणी बारीक. म्हणून नंबर जितका मोठा, तितका दगड मऊ लागतो. पुष्कळांना हे उलटे वाटते. मोठा नंबर म्हणजे जोरकस दगड, असे समजून ते पैसे जास्त देतात आणि बोथट झालेला विळा घेऊन तासभर घासत बसतात. फार बारीक कणीला चाळणी पुरत नाही. ती पाण्यात ढवळून, कोणती कणी आधी बसते आणि कोणती उशिरा निवळते, यावरून वेगळी करतात. गढूळ पाणी आपण निवळत ठेवतो, तसेच.

कणीचा आकार मायक्रॉनमध्ये सांगतात. हे माप आता आपल्याला परके नाही. मल्चिंगचा कागद घेताना आपण २५ मायक्रॉन की ३० मायक्रॉन, असे विचारतोच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता पाहा. १२० नंबरच्या दगडाची कणी सुमारे ११० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा जाड. २४० नंबरची ५०च्या आसपास. ४०० नंबरची १७ ते ३०. जपानी मापाच्या १००० नंबरची साधारण १२ आणि ६००० नंबरची अवघी २ मायक्रॉन. मी "जपानी मापाच्या" म्हणालो ते मुद्दाम. वेगवेगळ्या देशांची मापे वेगळी आहेत. युरोपच्या मापाने १००० नंबरची कणी सुमारे ५ मायक्रॉन भरते. ४०० नंबरच्या आकड्यात जो फरक दिसतो, तोही याचमुळे. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून "हा बारीक, तो जाड" असे ठरवू नये. एकाच दगडाच्या दोन बाजूंचा मेळ पाहावा.

हा दगड खाणीतून निघत नाही, हेही सांगून ठेवतो. आपल्या आजोबांच्या वेळी कुरुंदाचा दगड असे. कुरुंद हा निसर्गात सापडणारा अतिशय कठीण खडा, आपल्या विदर्भात भंडारा जिल्ह्यात तो सापडतो. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन याने चिकणमाती आणि कोळशाची (कोकची) पूड विजेने तापवून कुरुंदाहून कठीण असा काळा चमकदार पदार्थ तयार केला. त्याला कार्बोरंडम म्हणतात. बाजारातला काळा-करडा दगड बहुधा याच्याच कणीचा असतो. विटकरी किंवा तांबूस दगड असेल तर तो बहुधा कृत्रिम कुरुंदाचा. दोन्ही चांगले. काळा दगड लवकर कापतो, तांबूस थोडा सावकाश कापतो आणि चरा मऊ पाडतो.

काही जण विचारतील, दगड विकत कशाला घ्यायचा, विहिरीच्या काठावर किंवा ओट्याच्या पायरीवर घासले की झाले. आपल्याकडचा दगड म्हणजे काळा बसाल्ट. तो फोडायला कठीण वाटतो, पण त्यातली खनिजे चांगल्या पोलादापेक्षा फारशी कठीण नसतात. त्यामुळे त्यावर पोलाद कापले कमी जाते आणि चकाकते जास्त. धार आल्यासारखी वाटते आणि दोन ओळी कापल्या की जाते. वाळूच्या दगडात गारेची कणी असते, ती बसाल्टपेक्षा बरी. पण तो दगड आपल्या शिवारात नाही.

आता जोडीकडे येऊ. दुहेरी दगडाची एक बाजू धार घडवते आणि दुसरी बाजू ती नीट करते. जाड बाजू पोलादावर खोल चरे पाडते. बारीक बाजूचे काम ते चरे पुसायचे. दोन्ही नंबरांत अंतर फार असेल तर बारीक बाजूला ते चरे पुसताच येत नाहीत. कितीही घासा, वरून चमक येते आणि धारेवर खोल खाचा तशाच राहतात. अंतर फारच कमी असेल तर दुसऱ्या बाजूचा उपयोगच नाही, एकाच दगडाचे दुप्पट पैसे दिल्यासारखे होते. माझ्या मते बारीक बाजूचा आकडा जाड बाजूच्या दुप्पट ते चौपट असावा. १२०ला २४० किंवा ३२०. ४००ला १०००. १०००ला ३००० किंवा ४०००. एखादा १२० आणि १००० अशी जोडी दाखवत असेल तर "दोन्ही कामे होतील" या बोलण्याला भुलू नका. त्यात मधली पायरी नाही, आणि पायरी नसलेल्या माडीवर चढायचे म्हणजे कसरत.

पहिला दगड विळ्याचा. जाड बाजू १०० ते १२०, बारीक बाजू २४० ते ३२०. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात जो साधा काळा दुहेरी दगड मिळतो, तो बहुतेक याच जोडीचा असतो. विळा, खुरपे, कोयता, कुऱ्हाड यांना हा पुरतो. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, विळ्याला याहून बारीक दगड लावूच नये. सोयाबीनचे खोड, गव्हाचे काड, गवत, ही सगळी धाग्यांची चीज. २४० नंबरच्या दगडाने विळ्याच्या धारेवर डोळ्याला न दिसणारे बारीक दाते पडतात. विळा आपण ओढून कापतो, तेव्हा हे दाते काडात रुततात. तोच विळा आरशासारखा चकचकीत केला तर काडावरून घसरतो, मग मजूर जोर लावतात, झाड मुळासकट उपटून येते, मुळाची माती सोयाबीनच्या ढिगात जाते. शेंगा हलल्या की फुटतात ते वेगळेच.

विळा बाकदार असल्यामुळे तो दगडावर फिरवणे अवघड जाते. त्याऐवजी विळा खाली लाकडावर टेकवून पायाने नीट दाबून धरा आणि दगड हातात घेऊन त्याच्या उताराच्या बाजूवरून मुठीकडून टोकाकडे न्या. विळ्याला बहुधा एकाच बाजूला उतार असतो, दुसरी बाजू सपाट असते. सपाट बाजू घासत बसू नका. शेवटी बारीक बाजूने तिच्यावर एक-दोन हलके हात फिरवा, इतकेच. दातेरी विळ्याला मात्र हा दगड लावायचाच नाही. दातेरी विळा दात झिजेपर्यंत तसाच चालतो. दात गेले की तिकोनी कानशीने किंवा लोहाराकडून पुन्हा पाडून घ्यावे लागतात. सपाट दगडावर घासला तर दात जातात आणि हातात ना दातेरी विळा राहतो, ना साधा. डवऱ्याची, वखराची पास हेही दगडाचे काम नव्हे, ते लोहाराच्या भात्याचे.

आता संत्र्याच्या बागेत चला. माझा खरा मुद्दा इथेच आहे.

आंबिया बहाराची फळे उतरली की आपण बागेला ताण देतो आणि झाडावरची सल काढतो. सल काढताना नुसती वाळलेली काडी मोडायची नसते. वाळलेल्या भागाबरोबर दोन सेंटिमीटर जिवंत भागही कापायचा असतो, म्हणजे आत उतरलेली बुरशी निघून जाते. म्हणजे प्रत्येक काप आपण जिवंत लाकडात घेतो. एका झाडावर असे किती काप होतात ते तुम्ही मोजून पाहा. सिकेटर बोथट असेल तर ती कापत नाही, चेंगरते. फांदीच्या कडेला साल लोंबते, लाकूड दबून फाटते. सरळ गुळगुळीत काप असेल तर त्यावर बोर्डो पेस्ट सारखी बसते आणि कडेने साल भरून येते. फाटलेल्या, चेंगरलेल्या कापावर पेस्ट खाचांत उतरत नाही, पाणी मात्र उतरते. त्याच ठिकाणाहून पुन्हा बुरशी शिरते आणि पुढल्या वर्षी ती फांदी आणखी खालपर्यंत वाळलेली दिसते. मग आपण म्हणतो, सल वाढली. सल काढायच्या हत्यारानेच सल वाढवली, हे ध्यानात येत नाही.

सिकेटरला विळ्याचा दगड का चालत नाही? २४० नंबरच्या बाजूने पडलेले दाते ओढून कापायच्या हत्याराला उपयोगी. सिकेटर ओढत नाही, दाबते. दाबून कापायचे तर धार सलग, अखंड हवी. म्हणून बागायतदाराने दुसरा दगड घ्यावा, ४०० आणि १००० या जोडीचा. आपल्याकडच्या लहान दुकानांत तो नेहमी मिळत नाही. आर्वी, अमरावती किंवा नागपूरला गेले की आणावा. हिऱ्याच्या कणीची लोखंडी पट्टीही या जोडीत मिळते. ती झिजून खोलगट होत नाही, पाणी थोडे पुरते, बागेत खिशात नेता येते. मात्र तिच्यावर जोर देऊ नये, जोर दिला की कणी उखडते.

सिकेटरला दोन पाती असतात. एक कापणारे, धारेचे. दुसरे आकड्यासारखे, फांदी धरून ठेवणारे. आकड्याला धार लावायची नाही. कापणाऱ्या पात्याच्याही फक्त बाहेरच्या बाजूला उतार असतो. त्या उतारावरच, कारखान्यातून जो कोन आला आहे तोच धरून, दगड टोकापर्यंत न्यायचा. आधी ४००, मग १०००. आतली सपाट बाजू घासली तर दोन पात्यांत फट पडते, आणि मग कितीही धार करा, साल त्या फटीत दुमडून लोंबणारच. सपाट बाजूला १००० नंबरचा एखादा सपाट हात, बस्स. मधला नट उघडता येत असेल तर पाती सुटी करून धार लावा, काम निम्म्या वेळात होते.

या दुसऱ्या दगडाचा आणखी एक धनी घरात आहे. आपली पावशी, म्हणजे विळी, आणि भाजीचा चाकू. भगिनींनो, पावशीला बाजारातला जाड दगड लावल्याने ती पहिले दोन दिवस झणझणीत चालते आणि आठवड्यात पुन्हा बोथट होते, कारण खरखरीत धारेचे दाते मोडतात. तिला ४००ने उठवून १०००ने पुसली तर धार जास्त दिवस टिकते. टमाटा न चेंगरता कापला गेला म्हणजे धार बरोबर.

राहिला कलमाचा चाकू. आपल्याकडून आष्टीमार्गे वरुडकडे गेले की शेंदूरजनाघाट लागते. संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी हे गाव ओळखले जाते. आपल्या भागातही अनेक जण जंबेरीच्या किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर घरीच डोळे भरतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून सुमारे २२ ते २५ सेंटिमीटरवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, साल अलगद उचलायची, आणि मातृवृक्षावरून काढलेला डोळा ढालीसारख्या सालीसह आत सरकवून पॉलिथिनच्या पट्टीने बांधायचा. हे आपल्या हाताखालचे काम. पण डोळा जगतो कशामुळे? सालीच्या आत, लाकडाला चिकटून, एक अगदी पातळ जिवंत थर असतो. खुंटाचा तो थर आणि डोळ्याचा तो थर एकमेकांना भिडले तरच सांधा जुळतो. चाकू खरखरीत असेल तर तो थर फाटतो, डोळ्यामागचा भाग खडबडीत होतो, मध्ये हवा राहते, आणि पट्टी सोडायची वेळ येईस्तोवर डोळा तपकिरी पडलेला असतो. हजार खुंटांवर डोळे भरले आणि त्यातले शंभर असे वाळले, तर शंभर खुंटांची दीड-एक वर्षाची राखण, पाणी, निंदण आणि डोळे भरणाऱ्याची मजुरी वाया. पुन्हा डोळे भरावे लागतात आणि रोपे मागेपुढे होतात. दोष मग डोळेकाडीवर जातो, नाहीतर थंडीवर.

या चाकूला शेवटचा हात १००० नंबरच्या खाली नकोच. जो वर्षाला हजारो डोळे भरतो, रोपवाटिका हाच ज्याचा धंदा आहे, त्याने १००० आणि ३००० किंवा ४००० अशी जोडी घ्यावी. १००० आणि ६००० ही जोडीही बाजारात पुष्कळ दिसते. माझ्या दुप्पट-चौपटीच्या हिशोबात ती बसत नाही, पण कलमाच्या चाकूचा उतार अरुंद असतो, म्हणून ती चालवून घेता येते. अट एकच, १००० नंबरचे काम पूर्ण झाल्याशिवाय ६०००ला हात लावायचा नाही. आणि जो घरच्या बागेपुरते पन्नास-शंभर डोळे भरतो, त्याला हा तिसरा दगड घ्यायला मी सांगणार नाही. त्याने १००० नंबरवर चाकू नीट करावा आणि मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, आतल्या खरखरीत बाजूने, पाठीकडून ओढत दहा-बारा हात फिरवावेत. पूर्वी न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवीत, तसे. पट्ट्यावर धार पुढे ढकलायची नाही, नाहीतर पट्टाच कापला जाईल. कलमाच्या चाकूलाही बहुधा एकाच बाजूला उतार असतो. तो ओळखा आणि तीच बाजू घासा.

कोन कसा धरायचा, हा प्रश्न हटकून येतो. त्यासाठी एक सोपे माप देतो. पाते एक इंच रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून पाव इंच वर उचलली, तर सुमारे १५ अंशांचा कोन होतो. साधी पेन्सिल पाठीखाली सरकवून पाहिली की अंदाज येतो. कलमाच्या आणि भाजीच्या चाकूला इतका पुरतो. पाठ अर्धा इंच उचलली की ३० अंश होतात, तो कुऱ्हाडीसारख्या दणका खाणाऱ्या हत्यारांचा कोन. पाते अर्धा इंचच रुंद असेल तर उचलायचेही निम्मे. एकदा धरलेला कोन शेवटपर्यंत हलू देऊ नका. हात दर वेळी वेगळ्या कोनात पडला तर धार गोल होते, मग दगड कितीही महागाचा असो.

जाड बाजूवरून बारीक बाजूवर कधी जायचे? घासता घासता धारेची बारीक कोर दुसऱ्या बाजूला उलटते. पाठीकडून धारेकडे अलगद बोट नेले की ती खरखरीत लागते. धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती लागली म्हणजे जाड बाजूचे काम झाले. मध्येच कुठे लागत नसेल तर तिथे दगड पोचलेलाच नाही. ही कोर येण्याआधी बारीक बाजू लावणे म्हणजे न वखरलेल्या रानात पेरणे. बारीक बाजूवर मग हलका हात ठेवत ती कोर काढून टाकायची. धार बोटाने आडवी तपासू नका, कागद कापून पाहा.

आता दुकानात. दगडावर नंबर छापलेला नसेल, किंवा त्यावरचा कागद निघालेला असेल, तर एक जुने पाते सोबत न्या. दोन्ही बाजूंवर पाच-पाच वेळा घासा आणि उन्हात धरा. जाड बाजूचे चरे सुटे सुटे मोजता येतात, बारीक बाजूचे मिळून एक करडा पट्टा दिसतो. दोन्हीकडचे चरे सारखेच दिसले तर तो दगड दुहेरी नाही, नुसता दोन रंगांचा आहे, तो घेऊ नका. दोन थरांचा सांधा नखाने तपासा, फट नको. लांबी आठ इंच मिळाली तर उत्तम, सहा इंचांहून कमी घेऊ नये, आखूड दगडावर कोन टिकत नाही.

दगडावर पाणी घालावे की तेल? दोन्ही चालते, पण एका दगडाला एकच. एकदा तेल प्यायलेल्या दगडात पाणी शिरत नाही. मी पाणीच सांगेन, कारण कलमाच्या चाकूला तेल-रॉकेल लागून ते सालीच्या आत जायला नको. खाण्याचे तेल तर मुळीच नको, ते वाळून दगडाची कणी बुजवते. ट्रॅक्टरचे काढलेले जळके तेल बरेच जण वापरतात, तेही दाट असते आणि त्यात लोखंडाचा कीस असतो. पाण्याने घासताना वर जो काळा चिखल येतो तो सारखा पुसू नका, बारीक बाजूवर त्यानेच चरे मऊ होतात. काम झाल्यावर दगड धुऊन सावलीत वाळवा.

बागेत जाण्यापूर्वी एक काम विसरू नका. धार लावून झाली की सिकेटर आणि चाकू धुऊन निर्जंतुक करा, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जातानाही करा. संत्र्याचे काही रोग चाकूच्या पात्यावरच्या रसातून पसरतात, आणि ते डोळ्याला लगेच दिसत नाहीत. यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे १ ते २ टक्के द्रावण वापरतात. ४ ते ५ टक्क्यांचे द्रावण आणले असेल तर त्याच्या एका भागात तीन भाग पाणी घातले की साधारण एक टक्क्याचे होते. हे द्रावण पोलाद खाते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर पाती साध्या पाण्याने धुवा, पुसा, आणि तेलाचा हात द्या. दुसऱ्या दिवशी बागेत नेताना ते तेल पुसून घ्या. हे केले नाही तर १००० नंबरवर आणलेली धार एका रात्रीत गंजून खवखवीत होते.

विजेच्या चाकावर धार लावून देणारे गावोगाव येतात. विळा, कुऱ्हाड त्यांना द्यायला हरकत नाही, फार बोथट झालेले पाते लवकर उठते. पण नजर ठेवा. चाकावर पाते तापून निळे पडले की त्या जागेचे पाणी उतरले, म्हणजे पोलाद नरम झाले. तिथे पुन्हा धार टिकत नाही. दर दोन हातांनी पाते पाण्यात बुडवायला सांगा. कलमाचा चाकू आणि सिकेटर चाकावर देऊच नका.

बराच वापरलेला दगड मध्ये खोलगट होतो. खोलगट दगडावर सरळ पात्याचा चाकू घासला की धार गोल येते. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर चाळलेली वाळू आणि पाणी टाकून दगड गोल गोल घासा, अर्ध्या तासात सपाट होतो. आधी त्याच्यावर पेन्सिलीने चौकटी आखून घ्या, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या म्हणजे सपाट झाला. हिऱ्याच्या पट्टीला मात्र हे करायचे नाही. आजोबांच्या वेळचा कुरुंदाचा दगड घरात असेल तर तोही असाच सपाट करून पाहा, पुष्कळदा तो अजून चांगला निघतो. आणि दुहेरी दगड हातातून पडून दुभंगला असेल तर तुकडे फेकू नका. विळ्याच्या बाकात आठ इंची दगडापेक्षा चार इंची तुकडाच चांगला फिरतो. त्याच्या फुटलेल्या कडा तेवढ्या घासून घ्या.